ढगांच्या शेजारची व्हाइट

ऑफिसच्या पार्टीत एक सीन ठरलेला असतो. ड्रिंक्सचं मेन्यूकार्ड हातात आलं, की कुणीतरी जाहीर करतं, ‘वाइन म्हणजे रेडच, बॉस!’ आणि व्हाइट बिचारी ‘हलकीफुलकी’ कॅटेगरीत जाऊन बसते. अशा मित्राला या आठवड्यात आपण आल्प्समध्ये धाडू या.

इटलीच्या अगदी उत्तरेला, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ, ब्रेसानोने नावाचं टुमदार शहर आहे. त्याला खेटून नोव्हाचेल्लाचा मठ. बिशप हार्टमान यांनी ११४२मध्ये तो स्थापन केला. ऑगस्टिनियन पंथाचे धर्मगुरू आजही तिथे राहतात. प्रार्थना, शाळा, जुनं ग्रंथालय आणि... वाइन!

सगळं सुरळीत चाललं असं मात्र नाही. १८०७मध्ये बव्हेरियाच्या राजवटीत मठाला टाळं लागलं, मालमत्ता सरकारजमा झाली. १८१६मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने तो पुन्हा उघडला. पहिल्या महायुद्धानंतर तर सीमारेषाच सरकली आणि अख्खा साउथ टिरोल इटलीत आला. म्हणून मठाला नावंही दोन. इटालियन लोक नोव्हाचेल्ला म्हणतात, जर्मन बोलणारे स्थानिक नॉइश्टिफ्ट. माणसांचे पासपोर्ट बदलले, द्राक्षमळे जागच्या जागी!

हे मळे साधारण ६०० ते ९०० मीटर उंचीवर आहेत. तुम्ही म्हणाल, नाशिकही ६०० मीटरच्या आसपास आहेच की! करेक्ट. पण नाशिक विसाव्या अक्षांशावर आणि नोव्हाचेल्ला सेहेचाळिसाव्याच्याही पुढे. तिथे उंचीला आल्प्सच्या थंडीची जोड मिळते. दिवसा उन्हात द्राक्षात साखर आणि सुगंध भरतो, रात्री गारठा पडला की त्यातलं आम्ल टिकून राहतं. व्हाइट वाइनची सगळी जान या आम्लात. ते नसेल, तर वाइन नुसतीच गोडसर आणि सपक लागते.

इथे सिल्व्हानर आहे, म्युलर-थुरगाऊ आहे, पण ट्राय करायची ती केर्नर. ट्रोलिंगर हे काळं द्राक्ष आणि रीसलिंग हे पांढरं, यांच्या संकरातून ही जात १९२९मध्ये जर्मनीत तयार झाली. नाव मिळालं युस्टिनुस केर्नर या कवी-डॉक्टरचं. थंडी सोसणारी असल्याने ती या खोऱ्यात छान रुळली. ग्लास नाकाशी न्या, पीचसारखा वास येईल. घोट घ्या, जीभ खडबडून जागी होईल. हलकीफुलकी? अजिबात नाही!

आता थोडं सीरियस. एके काळी ही थंडी म्हणजे डोकेदुखी होती. काही वर्षी द्राक्षं नीट पिकायचीच नाहीत. आता युरोप तापतोय, तोडणी अलीकडे सरकतेय आणि खालच्या मळ्यांत आम्ल टिकवणं अवघड होत चाललंय. त्यामुळे आल्प्समधले बागायतदार चढावर नव्या जागा शोधतायत. पण तिथे उतार इतके तीव्र, की बरंच काम हातानेच करावं लागतं. बाटलीच्या किमतीत ही मेहनतही असते. शिवाय डोंगर काही अमर्याद नसतो. वर वर सरकत राहिलं, की एक दिवस शिखर येतंच.

तेव्हा पुढच्या पार्टीत ‘रेडच!’ म्हणणाऱ्या मित्रासमोर आठ-दहा डिग्रीला थंड केलेला हा ग्लास ठेवा. बर्फ मात्र टाकू नका, प्लीज. तेवढी थंडी डोंगराने आधीच घातलेली आहे!