एका गोळीच्या दोन करण्याआधी

गेल्या महिन्यात एका भगिनीचं पत्र आलं. राहणं तालुक्याच्या गावी, पदरी दोन मुलं, घरात वयस्कर सासूबाई. त्यांनी लिहिलं होतं, "वहिनी, सहा महिने माझं मन कशातच लागत नव्हतं. पोळ्या लाटता लाटता रडू यायचं. शेवटी यांनीच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उदासपणावर रोज एक गोळी दिली. दहा दिवस झाले तरी उतार पडेना. घरात कार्य जवळ आलेलं, पाहुण्यांसमोर कसं वावरायचं? म्हणून मनानंच एकाच्या जागी दोन गोळ्या घ्यायला लागले. यांना सांगितलेलं नाही. आता हात थरथरतात, दरदरून घाम येतो, रात्रभर डोळा लागत नाही. पाठदुखीच्या गोळ्याही चालूच आहेत. काय करू?"

पत्राखाली फोन नंबर होता. अंक निघेपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती, म्हणून त्याच दुपारी फोन केला. म्हटलं, "पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना गाठा. घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या आणि खरं काय ते सांगा." त्या गेल्या, तेही यजमानांना बरोबर घेऊन. आता बऱ्या आहेत. त्यांच्या परवानगीनंच हे लिहिते आहे, कारण अशी चूक आपल्यापैकी कुणाच्याही हातून होईल.

पहिली गोष्ट, या गोळ्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या तासाभरात काम करत नाहीत. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी थोडे जास्तही. उलट मळमळ, अस्वस्थपणा, झोपमोड असे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात. मग बाई म्हणते, गोळी लागूच पडत नाही! घाई आहे म्हणून विरजण दुप्पट घातलं, तर दही आंबट होतं. त्याला रात्र द्यावीच लागते. तसंच हे.

दुसरी गोष्ट, दुप्पट गोळीनं दुप्पट गुण येत नाही. सिटालोप्राम नावाचं औषध घ्या. २०११ साली अमेरिकेच्या औषध खात्यानं बजावलं, की दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर ते देऊ नये. त्याहून जास्त दिल्यानं गुण वाढल्याचं दिसलं नव्हतं, हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडण्याचा धोका मात्र वाढत होता. आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं एसिटालोप्राम साधारण १० मिलिग्रॅमनं चालतं आणि २० ही त्याची वरची मर्यादा. वयस्करांना तर त्याहूनही कमी. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या अधिकच जपून घ्यायच्या. त्या जास्त झाल्या तर झटके येतात, हृदयावर परिणाम होऊन जीवही जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट पाठदुखीच्या गोळीची. आपल्या मैत्रिणीच्या त्या गोळीत ट्रॅमाडॉल होतं. उदासपणावरच्या बऱ्याच गोळ्या शरीरात सेरोटोनिन नावाचं द्रव्य वाढवतात, ट्रॅमाडॉलही तेच करतं. दोन्हींची भर पडली की थरथर, घाम, जुलाब, छातीत धडधड सुरू होते. ताप चढला, अंग ताठरलं, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा. खोकल्याच्या काही औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही याच जातीचं. म्हणून दुकानातून साधं खोकल्याचं औषध आणतानाही चालू गोळीचं नाव सांगत जा.

आता घरात पाळायच्या चार गोष्टी.

गोळी घेतली की कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. "घेतली की नाही?" या गोंधळात दुसऱ्यांदा घेतली जाते. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

गुण नाही म्हणून वाढवू नका, बरं वाटतं म्हणून एकदम बंदही करू नका. चक्कर, चिडचिड, झोपमोड सुरू होते. वाढवणं, कमी करणं, दोन्ही डॉक्टरांनीच.

पाकिटं कुलपात ठेवा. यातल्या काही गोळ्या लहान मुलानं थोड्या जरी खाल्ल्या, तरी जिवावर बेततं. आपल्या गोळ्या जावेला किंवा शेजारणीला देऊ नका.

कुणी चुकून जास्त गोळ्या घेतल्याच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. "आत्ता तर ठीक दिसतेय" म्हणून वाटही पाहू नका. काही गोळ्यांचा परिणाम उशिरा दिसतो. १०८ ला फोन करा आणि रिकामं पाकीट बरोबर घ्या.

शेवटी एक नाजूक गोष्ट. एखादीच्या मनात येत असेल, की सगळ्याच गोळ्या एकदम घेऊन मोकळं व्हावं. बाई गं, हा विचार तुझ्या आजाराचा आहे, आणि या आजाराला उतार पडतो. आज, आत्ता, घरातल्या एका माणसाला हे सांग आणि गोळ्यांचं पाकीट त्याच्या हाती दे. घरात सांगण्यासारखं कुणी नसेल, तर १४४१६ या सरकारी नंबरवर फोन कर. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.

आपल्या त्या मैत्रिणीचं परवा पुन्हा पत्र आलं. पाठीची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली, उदासपणाची पुन्हा एकच केली. यजमान रोज रात्री कॅलेंडरवर स्वतः खूण करतात. कार्यात फारसं काम झालं नाही, बरीचशी कामं जावेनंच उरकली. "पण वहिनी," त्या लिहितात, "परवा पोळ्या लाटताना रेडिओवरचं गाणं गुणगुणत होते, हे मला मुलीनं सांगितलं तेव्हा कळलं."