उशीर आणि फार उशीर

वाचकहो, परदेशच्या म्हणींची ओळख करून घेण्याच्या आपल्या परिपाठाप्रमाणे ह्या वेळी आपण क्रोएशियाकडे वळू. एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा छोटासा देश. झाग्रेब ही त्याची राजधानी. माझा भाचा नोकरीच्या निमित्ताने तेथे राहतो, आणि ही म्हण मला त्याच्या पत्रातून मिळाली.

झाग्रेबमध्ये दुपारचे बारा वाजले की तोफ डागतात. १८७७ साली सुरू झालेली ही प्रथा आजही पाळली जाते. जुन्या वस्तीतील लोत्रश्चाक नावाच्या बुरुजावरून रोज मध्यान्ही तोफेचा आवाज होतो. एका रविवारी भाच्याला त्याच्या सहकाऱ्याच्या घरी बाराच्या जेवणाचे आमंत्रण होते. हा नवखा, उलट्या दिशेच्या ट्राममध्ये चढला, आणि वाटेतच त्याच्या कानी तोफ आली! यजमानांच्या दाराशी पोहोचला तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. काय बोलावे ते त्याला सुचेना. दार उघडणाऱ्या वृद्ध गृहिणीने मात्र हसून म्हटले, “बोल्ये इकाद नेगो निकाद!” आणि त्याच्यापुढे गरम सूपचे ताट ठेवले.

आता शब्दांचा अर्थ पाहू. ‘बोल्ये’ म्हणजे अधिक चांगले, ‘नेगो’ म्हणजे पेक्षा. ‘इकाद’ म्हणजे कधी का होईना आणि ‘निकाद’ म्हणजे कधीच नाही. दोन्ही शब्दांत ‘काद’ आहे. ‘काद’ किंवा ‘कादा’ म्हणजे केव्हा. संस्कृतातील ‘कदा’ आपल्याला येथे सहज आठवतो, आणि ते योग्यच आहे. कारण क्रोएशियन आणि संस्कृत ह्या दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातील आहेत. तेव्हा म्हणीचा अर्थ झाला : कधीच न होण्यापेक्षा कधी का होईना, झाले ते बरे. चार शब्दांची ही म्हण, त्यात क्रियापद नाही, आणि ‘इकाद-निकाद’ ह्या यमकामुळे ती एकदा ऐकली की विसरत नाही. उच्चारताना प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर द्यावा.

पण म्हण पाठ होणे वेगळे आणि ती वापरता येणे वेगळे. उशिरा येणाऱ्याने आल्या आल्या हीच म्हण ऐकवली, तर ती उद्धटपणाची वाटेल. त्याने आधी म्हणावे, “ओप्रोस्तिते श्तो कास्निम”, म्हणजे “उशीर झाला, क्षमा करा.” हे आदरार्थी रूप झाले. बरोबरीच्या मित्राला ‘ओप्रोस्ति’ पुरे. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखाच हा भेद आहे. मग ज्याने वाट पाहिली, त्याने म्हण उच्चारावी. त्याच्या तोंडी ती कधी क्षमा असते, कधी हलकासा चिमटा, आणि पुष्कळदा दोन्ही.

मोठ्या सार्वजनिक कामांनाही ही म्हण शोभते. दुब्रोव्हनिकच्या बाजूचा प्रदेश उरलेल्या क्रोएशियापासून तुटलेला होता, कारण मध्ये शेजारच्या बोस्निया-हर्झेगोव्हिनाची समुद्रापर्यंत येणारी चिंचोळी पट्टी आहे. ती टाळण्यासाठी पेल्येशात्स द्वीपकल्पावर जाणारा पूल बांधायचे ठरले. २००५ साली कामाला आरंभ झाला, २०१२ साली ते थांबले, २०१८ साली पुन्हा सुरू झाले आणि २६ जुलै २०२२ रोजी पूल वाहतुकीस खुला झाला. बोल्ये इकाद नेगो निकाद!

आपल्याकडील म्हणी उशिराविषयी इतक्या दयाळू नाहीत. ‘वरातीमागून घोडे’ म्हणताना आपण हसतो. ‘बैल गेला नि झोपा केला’ म्हणताना दोष देतो. हिंदीतील ‘देर आए, दुरुस्त आए’ मात्र क्रोएशियन म्हणीच्या जवळची. मग खरे कोणाचे मानावे? ह्याचे उत्तर क्रोएशियन भाषेतील दोन शब्दांत आहे. ‘कास्नो’ म्हणजे उशिरा. त्याला ‘प्रे’ हा उपसर्ग लागला की होते ‘प्रेकास्नो’, म्हणजे फार उशिरा, वेळ निघून गेल्यावर. बैल गेल्यानंतरचा झोपा हे प्रेकास्नो. जेवणाला पाऊण तास उशीर हे कास्नो. आपली म्हण कास्नोसाठी आहे. प्रेकास्नोपुढे तिचा इलाज चालत नाही.

हे लिहिताना मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या एका बालमैत्रिणीचे यजमान चार वर्षांपूर्वी वारले. सांत्वनाचे पत्र आज लिहू, उद्या लिहू, असे करता करता महिना गेला. मग वर्ष गेले. पुढे तर ‘आता कोणत्या तोंडाने लिहू?’ ह्या लाजेनेच हात थांबला. उशीर जितका वाढे, तितकी लाज वाढे, आणि लाजेपायी पुन्हा उशीर. भाच्याचे पत्र आले त्या रात्री मात्र मी कागद पुढे ओढला. सबबी सांगितल्या नाहीत. “उशीर झाला, क्षमा कर,” एवढे लिहून मग त्यांच्या घरी घालवलेल्या एका दिवाळीची आठवण लिहिली.

आठ दिवसांनी उत्तर आले. “अगं, पहिल्या महिन्यात आलेली पत्रे मी धड वाचलीसुद्धा नाहीत. तुझे मात्र दोनदा वाचले. आता त्यांच्याविषयी कोणी बोलतच नाही बघ.”

माझा उशीर त्यामुळे योग्य ठरला असे नव्हे. चार वर्षे तिने माझ्या पत्राची वाट पाहिली असेल, हे मला आता कळते. पण तो प्रेकास्नो नव्हता, एवढे खरे. आणि ते पत्र टाकल्यावाचून कळण्याजोगे नव्हते.

तर वाचकहो, म्हण मोठ्याने दोन-तीन वेळा म्हणा, मुलांकडूनही म्हणवून घ्या : बोल्ये इकाद नेगो निकाद. आणि आपल्याही घरी असे एखादे राहून गेलेले पत्र असेल, तर ते आजच लिहायला घ्या.