मोटारसायकलवर कमावलं, मोटारीत अडकलं: चीनच्या लिफानचा हिशेब

विश्लेषण | स्थानिक प्रतिनिधी

चिनी वाहन कंपन्यांचा विषय निघाला की चर्चा बीवायडीपाशी सुरू होते आणि तिथंच संपते. पण वाढ कशी होते आणि कुठं अंगाशी येते, हे समजून घ्यायचं तर चोंगचिंग शहरातल्या लिफानकडे पाहावं लागेल.

1992 साली यिन मिंगशान यांनी धंदा सुरू केला तेव्हा त्यांचं वय होतं 54. तरुणपणी राजकीय रोषामुळे तुरुंगवास भोगलेला आणि नंतर पुस्तकांच्या व्यवसायात असलेला हा माणूस. मोठा कारखाना नव्हता, कामगार मोजके. पण चोंगचिंगमध्ये जियालिंग आणि जियानशे या सरकारी मोटारसायकल कंपन्या असल्याने सुटे भाग बनवणाऱ्यांचं जाळं आयतं तयार होतं. तेच भाग जमवून इंजिन जोडायचं आणि विकायचं, इथून सुरुवात झाली. पुढे पूर्ण मोटारसायकली आल्या, निर्यातही वाढली.

2000 च्या आसपास स्वस्त चिनी दुचाकींनी व्हिएतनामची बाजारपेठ व्यापली. मात्र माल टिकेना, तेव्हा ग्राहक फिरला. होंडाने 2002 मध्ये कमी किमतीची वेव्ह अल्फा उतरवली आणि गेलेली जागा परत घेतली. स्वस्ताईवर गिऱ्हाईक येतं, पण राहत नाही, हा इशारा तिथंच मिळाला होता.

तरीही 2006 मध्ये लिफानने 520 ही सेडान आणली. 2010 मध्ये शांघाय शेअर बाजारात नोंदणी झाली. तिथं नोंदणी झालेली ती पहिली खासगी चिनी मोटार कंपनी. रशियासह अनेक देशांत गाड्या जाऊ लागल्या.

गणित इथंच चुकलं. मोटारसायकलीचे भाग गावात मिळत होते, मोटारीचं तसं नाही. 520 च्या एका मॉडेलचं इंजिनच ब्राझीलमधल्या बीएमडब्ल्यू-क्रायसलर भागीदारीच्या कारखान्यातून यायचं. साचे, सुरक्षा चाचण्या, विक्रीनंतरची सेवा, नवं संशोधन या सगळ्याला वर्षानुवर्षं पैसा ओतावा लागतो. स्वस्त गाडीवरचा नफा तेवढा नसतो, मग कर्ज वाढतं. त्यात 2018 मध्ये चीनमधली वाहनविक्री अनेक वर्षांत पहिल्यांदा घसरली आणि बाजार विजेच्या गाड्यांकडे वळू लागला. त्याच वर्षअखेरीस लिफानने मोटार बनवण्याचा परवाना असलेली उपकंपनी 65 कोटी युआनला विकली. घेणारी कंपनी आज ‘ली ऑटो’ म्हणून ओळखली जाते.

2020 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. दिवे पुरवणाऱ्या एका कंपनीनेच थकबाकीपोटी पुनर्रचनेचा अर्ज केला होता. अखेर जीली समूह आणि चोंगचिंगच्या सरकारी पाठबळाच्या निधीने कंपनी सावरली. 2025 मध्ये तिचं नाव बदलून चियानली टेक्नॉलॉजी झालं. गंमत म्हणजे जीलीनेही मोटारींआधी मोटारसायकलीच बनवल्या होत्या. पण तिने 2010 मध्ये फोर्डकडून व्होल्वो घेतली आणि तंत्रज्ञान, नाव दोन्ही पदरात पाडून घेतलं.

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीत वाहनांचे भाग ओतणाऱ्यांसाठी यातला दिवेवाल्याचा धडा महत्त्वाचा आहे. मोठ्या कंपनीची ऑर्डर वाढली म्हणून हुरळून चालत नाही. बिल किती दिवसांनी निघतं आणि एकाच गिऱ्हाइकाकडे उधारी किती अडकली आहे, हे आधी बघावं लागतं. कंपनी बुडताना तिला कुणीतरी विकत घेतं. छोट्या पुरवठादाराला मात्र वसुलीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.