सुटी लादी आणि पुरी जमीन

दांडिया बाजारातील आमचा वाडा उतरवला, त्याला आता तीन वर्षे होतील. ओटीलगतच्या ज्या खोलीत वडील पहाटे तंबोरा जुळवून बसत, तिची जमीन विलायती नक्षीच्या लाद्यांची होती. दरबारची नोकरी, मानमरातब सारे गेले, तरी ती जमीन होती तशीच राहिली. शेवटच्या दिवशी मी शिकवणी आटोपून पोहोचलो, तो संध्याकाळ झालेली. घाईघाईने छिन्नी चालवली आणि अकरा लाद्या धड निघाल्या. त्या आज खोक्यात आहेत. कधी मांडून पाहतो, पण एक फूल पुरे होत नाही. ते चार लाद्यांचे असते आणि कोणती कोणाशेजारी होती हे मी टिपून ठेवलेच नव्हते. चूक सर्वस्वी माझी.

अशा लाद्या जमवण्याचा शौक आता आपल्या शहरातही दिसू लागला आहे. हौस वाईट नाही. घणाखाली जाण्यापेक्षा चौकटीत गेलेली बरी. परंतु आपण काय घेतो, हे घेणाऱ्याने जाणावे. इंग्लंडात १८३० साली सॅम्युएल राइटने या लाद्यांच्या कृतीचे पेटंट घेतले आणि स्टोकच्या हर्बर्ट मिंटनने ती नावारूपास आणली. साच्यात ओली माती दाबून नक्षीच्या जागी खाच ठेवायची, खाचेत दुसऱ्या रंगाची पातळ माती भरायची, वाळल्यावर वरचा थर खरवडायचा आणि मग भाजायचे. रंग वरून लावलेला नसल्यामुळे पिढ्यान् पिढ्या पावले पडूनही नक्षी टिकते. मुंबईला कुलाब्याच्या अफगाण चर्चसाठी (१८५८) इंग्लंडहूनच लाद्या आल्या.

आमच्यासारख्याने ओळख कानाने करावी. भाजलेली लादी बोटांवर तोलून टिचकी मारली की खणखणते. सिमेंटची मुकी बोलते. विलायती म्हणून बाजारात दाखवलेली लादी पुष्कळदा ही दुसरीच असते. तिला भाजत नाहीत, यंत्राखाली दाबून पाण्यात मुरवतात. त्यात कमीपणा कसला? सिधवा मंडळींनी १९२२ साली ‘भारत’च्या लाद्या सुरू केल्या, त्या स्वदेशीच्या प्रेरणेनेच.

माझे गाऱ्हाणे वेगळे आहे. गिऱ्हाइकाला मधले फूल हवे असते. काठाची पट्टी आणि कोपरे कोणी विचारीत नाही, म्हणून ते राडारोड्यात जातात. नुसत्या षड्जाला कोणी यमन म्हणेल काय? वाडा उतरवू नका, असे सांगण्याचा अधिकार मला नाही, मीही उतरवलाच. पण पहार लागण्यापूर्वी एक दिवस जमिनीला द्या. सबंध जमिनीचे छायाचित्र घ्या, प्रत्येक लादीवर खडूने आकडा घाला, काठ आधी सोडवा. चुन्यातली लादी सहसा सुटते, सिमेंटातली बहुधा फुटते. तिथे मजुराला घाई करू देऊ नका. आणि विकायचीच असेल तर जमीन एकगठ्ठा विका, नगावर नको.

आमच्याच गल्लीतला आणखी एक वाडा दिवाळीनंतर उतरणार आहे. मालकीणबाईंनी परवानगी दिली आहे. रविवारी सकाळी मी खडू घेऊन जातो. जड कपाटे सरकवायला दोघे-तिघे आले तर हवे आहेत.