कार्बनच्या पार्टला ऊन लागतं

स्पॉयलर, आरशांची कव्हरं, बॉनेट असं काहीतरी कार्बन फायबरचं हौसेनं गाडीला लावून घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. पार्ट हातात देताना दुकानदार म्हणतो, ‘याला काही होत नाही.’ हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं खिशाला चाट लावणारं आहे.

कार्बनचा एक धागा माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा बारीक असतो. स्लॅबमध्ये सिमेंट सळया धरून ठेवतं, तसे हे धागे रेझिननं, बहुधा इपॉक्सीनं, धरून ठेवलेले असतात. उन्हानं धाग्याचं काही बिघडत नाही, बिघडतं ते इपॉक्सीचं. अतिनील किरणांनी ते आधी पिवळं पडतं, मग दुधाळ दिसायला लागतं, शेवटी खडूसारखं पांढुरकं होतं. म्हणून वरून क्लिअर कोट मारतात. हा पारदर्शक थर बहुतेकदा वहीच्या कागदापेक्षाही पातळ असतो. जपायचं आहे ते त्याला.

सावली शोधा, पण जांभळाखाली किंवा कावळ्यांच्या झाडाखाली गाडी लावू नका. पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळली की क्लिअर कोट खाते. दिसली की ओलं कापड दोन मिनिटं ठेवून मऊ करा आणि अलगद उचला. खरवडू नका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पुसण्यानं. सोसायटीत पहाटे एक बादली, एक फडकं आणि दहा-बारा गाड्या, हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. पाचव्या गाडीपर्यंत त्या फडक्यात बारीक वाळू बसलेली असते. सकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटकडे बाजूनं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतील. काळ्या चकचकीत पृष्ठभागावर काही लपत नाही. पुसणाऱ्या दादांचा यात दोष नाही, एवढ्या पाण्यात ते आणखी काय करणार? त्यांना सांगा, ‘दादा, एवढा भाग सोडा, मी बघतो.’ पगार कापू नका म्हणजे झालं.

स्वतः धुताना आधी नुसतं पाणी मारून धूळ वाहून जाऊ द्या. मग कार शॅम्पू घ्या; भांड्यांच्या साबणानं वरचं मेण निघून जातं. दोन बादल्या ठेवा, एक शॅम्पूची, दुसरी कापड खळबळायला. शेवटी मायक्रोफायबरनं पाणी टिपून घ्या. प्रेशर गन हातभर लांब धरा आणि टवका उडालेल्या कडेवर मुळीच मारू नका, पाण्याच्या जोरानं तिथला कोट सोलून निघतो. तापलेली गाडी धुवू नका. बोअरचं पाणी असेल तर पांढरे ठिपके हमखास बसतात. डांबर काढायला पेट्रोल किंवा थिनर नको.

दर दोन-तीन महिन्यांनी चांगलं वॅक्स लावा. सिरॅमिक कोटिंगनं पाणी आणि मळ लवकर निघतो, पण उडालेला खडा त्यानं अडत नाही. तो अडवते जाड पारदर्शक पीपीएफ फिल्म. माझं विचाराल तर रोज रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बॉनेटला फिल्म लावा, बाकीच्या पार्टना वॅक्स पुरे.

पार्ट पिवळा पडलाच, तर पॉलिशवाल्याला मशीन लावू देण्याआधी विचारा, कोट किती उरलाय? वॉटर पेपरनं घासताना पाणी दुधाळ येतंय तोवर फक्त कोट निघतोय. ते काळं आलं की थांबवा, धागे कापले जाताहेत. नंतर यूव्ही रोखणारा नवा क्लिअर कोट मारायलाच हवा.

मुंबई, अलिबाग, गोव्याकडच्यांसाठी आणखी एक गोष्ट. कार्बनमधून वीज वाहते. त्याला अ‍ॅल्युमिनियमचा बोल्ट थेट लावला आणि मध्ये खारट ओल शिरली, की बोल्ट सडतो. स्टेनलेसचे बोल्ट आणि नायलॉनचे वॉशर घ्या. नवं भोक पाडलं तर त्याची कड रेझिननं बंद करा, आणि पाडताना मास्क लावा. ती धूळ छातीत जाऊ देऊ नये.

धक्का लागला तर मात्र नुसतं बघून समाधान मानू नका. पत्र्याला पोचा येतो, कार्बनला येत नाही. ते तडकतं किंवा आतल्या आत थर सुटतात. ते मार किती झेलतं, हे मात्र रेसिंगमध्ये दिसलं. 1981 साली मॅक्लारेननं फॉर्म्युला वनमध्ये कार्बन फायबरच्या सांगाड्याची पहिली गाडी उतरवली. त्याच वर्षी मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसन चालवत असलेली ही गाडी आदळली, इंजिन तुटून वेगळं झालं, तरी वॉटसन सुखरूप बाहेर आला. असा मार खाल्लेला भाग पुन्हा भरवशाचा राहत नाही, हेही लक्षात ठेवा.

नाणं घेऊन धक्क्याच्या आसपास हलकेच टकटक करा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. स्पॉयलर किंवा आरशाचं कव्हर असेल तर कंपोझिटचं काम येणाऱ्याकडून दुरुस्त होईल. लांबी भरून वर रंग मारणाऱ्याकडे देऊ नका. पण तडा कार्बनच्या चाकाला किंवा गाडीच्या सांगाड्याला असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टोइंगवाल्याला बोलवा आणि गाडी थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा.