दोरी सुटी मिळेल का?

गेल्या रविवारी आमच्या मुलुंडच्या घरातला चॉपर गेला. दोरी ओढली की आत पाती फिरतात आणि कांदा बारीक होतो, तोच तो. आठ महिन्यांत दोरी तुटली. दुकानात गेलो तर उत्तर तयार, "पार्ट नाही मिळत साहेब, नवीन घ्या."

च्यायला, दोरीच आहे ना ती!

मग स्वतःच उघडायला बसलो. झाकणात एक चक्री, तिच्यावर गुंडाळलेली दोरी आणि ओढलेली दोरी परत आत घेणारी एक चपटी स्प्रिंग. बस्स, एवढंच यंत्र. दोरी रोज प्लॅस्टिकच्या भोकाला घासते, म्हणजे कधीतरी तुटणारच. तरी झाकणाला एकही स्क्रू नाही! नुसते खटके. उघडताना ते मोडले, स्प्रिंग उडाली, विषय संपला. पात्यांचंही तेच, दांड्यात कायमची बसवलेली.

आता आईची जुनी विळी बघा. पाट, पातं, टोकाला खवणी. धार गेली की धारवाल्याकडे. पातं पार झिजलं की नवीन बसवायचं, पाट तोच. याला आपण ऑफिसात लूज कपलिंग म्हणतो आणि त्यावर प्रेझेंटेशन देतो.

तुम्ही म्हणाल, निघाले हे 'जुनं ते सोनं' गात. अजिबात नाही! आईचे गुडघे दुखतात, तिला विळीवर बसवत नाही. चॉपर तिच्यासाठीच आणला होता. मला विळी परत नकोय, विळीसारखी दुरुस्ती हवी आहे.

"स्वस्त तर आहे, टाकून दे," हे ऑफिसातल्या मित्रांचं मत. अहो, चार स्क्रूंनी तो असा किती महाग झाला असता? झाकण खटक्यांनी बंद करायचं, हे आपल्यासारख्याच कुणा इंजिनिअरने ठरवलं असणार.

फ्रान्सने २०२१ मधे लॅपटॉप, वॉशिंग मशीन वगैरेंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण दाखवणं सक्तीचं केलं. आपल्याकडेही २०२२ मधे ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं, वाहनं अशी क्षेत्रं ठरली. चांगलंच आहे. पण दोनशे-तीनशेच्या वस्तूसाठी समितीची वाट कशाला बघायची? पैसे देण्याआधी काउंटरवर एवढंच विचारा, "याची दोरी आणि पाती सुटी मिळतात का?" नाही म्हणाला तर डबा परत ठेवा. दहाजणांनी ठेवला की दुकानदारच कंपनीच्या माणसाला विचारेल.

असो. सध्या आई ओट्याशी उभी राहून सुरीने कांदा चिरतेय, बोटं सांभाळत. आणि मी स्क्रूवाला चॉपर शोधतोय. कुणाला माहीत असेल तर सांगा.