कानोकानी : तीनशे अठ्ठावीसचा तोरा

भाच्याने नवी गाडी घेतली. पेढे खाल्ले आणि त्याची शिक्षा म्हणून शनिवारी तळेगावहून चाकणपर्यंत त्याच गाडीत बसून त्याचं व्याख्यान ऐकलं. रस्ता नेहमीसारखा तुंबलेला, त्यामुळे पळून जायची सोय नव्हती. "मामा, तुझा तो आकाशवाणीचा डिजिटल रेडिओ सेकंदाला वीसेक किलोबिटवर चालतो. माझ्या ब्लूटूथला तीनशे अठ्ठावीस मिळतात. सोळा पट! विषय संपला." हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलांचे विषय फार लवकर संपतात.

बिटांच्या आकड्यावरून आवाजाची प्रत ठरवणाऱ्यांवर या जागेत माझं पुरेसं चिडून झालंय. पण वीस आणि तीनशे अठ्ठावीस एकाच डॅशबोर्डवर शेजारी शेजारी सापडले, तर ती संधी सोडवत नाही.

आधी त्या तीनशे अठ्ठावीसचं बघू. ब्लूटूथवर गाणं पाठवताना प्रत्येक फोनला आणि गाडीला जी पद्धत यावीच लागते तिचं नाव एसबीसी. ती आवाजाचे चार किंवा आठ पट्टे करते आणि कोणत्या पट्ट्यात किती जोर आहे ते पाहून, ठरलेल्या सूत्राने बिट वाटून टाकते. मोठ्या सुराखाली बारीक सूर ऐकणाऱ्याला जाणवतो की बुडतो, याची चौकशी ती करत नाही. त्यात मूर्खपणा नाही. छोट्या चिपवर, छोट्या बॅटरीवर चालावं म्हणून ती मुद्दाम तशी केली. गणित वाचवायचं आणि त्याची किंमत बिटांत मोजायची, असा तो सौदा आहे. म्हणजे भाचा ज्याला श्रीमंती समजतो तो विचार न करण्याचा दंड आहे.

मध्यमलहरीवरच्या रेडिओला हा दंड परवडत नाही. नऊ किलोहर्ट्झच्या चिंचोळ्या पट्टीत डीआरएमला, म्हणजे आकाशवाणीच्या त्या डिजिटल रेडिओला, जेमतेम वीसेक किलोबिट मिळतात. मारुती-ह्युंदाईच्या लाखो गाड्यांमध्ये हा रेडिओ बसवलेला आहे आणि मालकांना त्याचा पत्ता नाही, हे माझं जुनं रडगाणं. त्या वीस किलोबिटांत प्रत्येक क्षणाला हिशेब मांडावा लागतो : कोणता सूर कोणाला झाकतोय, त्या आडोशाला किती खरखर लपवता येईल. आताच्या डीआरएममधली एक्सएचई-एएसी ही आवळण्याची पद्धत तर समोर बोलणं चाललंय की संगीत, हेही दर तुकड्याला ठरवते आणि त्याप्रमाणे पद्धत बदलते.

त्यातल्या बोलण्याच्या पद्धतीचं कूळ थेट बेल लॅब्समध्ये पोचतं. कानपूरला जन्मलेले बिष्णू अटल आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९७९ सालीच, जोसेफ हॉल यांच्यासह, कानाच्या या झाकापाकीचा फायदा बोलणं आवळण्यासाठी कसा घ्यायचा ते मांडलं होतं. १९८५ साली अटल आणि श्रोडर या दोघांनी सेल्प नावाची पद्धत जाहीर केली. बोलण्याचे पाच मिलिसेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यासाठी १,०२४ नमुने एकेक करून लावून बघायचे आणि कानाला सगळ्यात कमी खुपेल त्या नमुन्याचा नंबर पाठवायचा. एका सेकंदाच्या बोलण्यासाठी दोन लाखांहून जास्त वेळा लावालावी. क्रे-१ या महासंगणकाला त्या एका सेकंदासाठी १२५ सेकंद लागले.

क्रे म्हटलं की पुणेकराला सीडॅक आठवतं. क्रे मिळेना म्हणून १९८८ साली आपण ही संस्था काढली, १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, ही कथा इकडे कोणत्याही व्याख्यानमालेत दर वर्षी एकदा होतेच. परम घडवणाऱ्या विजय भटकरांचं नाव शाळकरी मुलांनाही पाठ असतं, आणि असावंच. पण त्याच क्रेला एका सेकंदासाठी घाम फोडणारा आपलाच एक माणूस होता आणि त्याच्या पद्धतीचे वंशज आज जवळजवळ प्रत्येक मोबाइल कॉलमध्ये राबताहेत, यावर व्याख्यान ठेवायला कोणाला सुचत नाही.

गंमत पुढे आहे. एवढा घाम पाठवणाऱ्याने गाळायचा. ऐकणाऱ्या यंत्राने आलेल्या नंबराचा नमुना काढायचा आणि गाळणीतून सोडायचा, बस. एमपी-थ्रीच्या मानकातही सक्ती आहे ती उलगडणाऱ्यावर. कानाचं गणित परिशिष्टात, नमुन्यादाखल दिलंय. पाठवणाऱ्याला त्याहून चांगलं जमलं तर त्याने खुशाल करावं. म्हणून १९९८ साली विकत घेतलेल्या प्लेअरवर काही वर्षांनी लेम नावाच्या एन्कोडरने आवळलेली गाणी जास्त चांगली वाजली, प्लेअरचा एक स्क्रूही न बदलता. आकाशवाणीच्या केंद्रात हिशेब एकदा होतो, लाखो रेडिओ आरामात बसतात.

आमच्या चाकण रस्त्याचं नेमकं उलट. आखणाऱ्याने एकदा करायचा विचार वाचवला, आता हजारो लोक रोज क्लच दाबून तो हिशेब पूर्ण करतात. पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त माझा डावा गुडघा आहे.

एसबीसीमध्ये ही सुधारणेची वाटच बंद आहे. बिट कसे वाटले हे ती पाठवतच नाही. पट्ट्यांच्या जोरावरून दोन्ही टोकं तोच हिशेब स्वतंत्रपणे करतात. त्यामुळे उद्या कोणी कानाचं कितीही सुंदर गणित लिहिलं, तरी ते बसवायला जागा नाही. शिवाय भाच्याच्या फोनवर येणारं गाणं आधीच कुठल्यातरी सर्व्हरने कानाचा विचार करून छाटलेलं असतं. फोन ते उलगडतो आणि अडाणीपणे पुन्हा बांधतो. तीनशे अठ्ठावीसच्या टेम्पोत सामान आधीच्या छोट्या पेटीतलंच, वाटेत थोडं खरचटलेलं. त्याऐवजी ब्लूटूथवर एएसी ही पद्धत निवडली, तर कानाचं गणित फोनला करावं लागतं आणि बॅटरी वाचवायला काही फोन त्यात हात आखडतात. नाव एकच, आवाज वेगवेगळा.

ख्याल ऐकायचा तर मीही वीस किलोबिटवर ऐकणार नाही. तिथे वरचे सूर निम्मे अंदाजाने भरलेले असतात, तानपुऱ्याची जवार पत्र्यासारखी लागते. पण बातम्या, कृषिवार्ता, भाषण यांना ते वीस पुरतात, आणि पुरतात ते अटल-श्रोडरांच्या त्या १२५ सेकंदांमुळे.

ब्लूटूथवाल्यांनाही हे कळलंय. २०२० साली त्यांनी एलसी-थ्री ही नवी पद्धत आणली. त्यांच्याच ऐकण्याच्या चाचण्यांत ती निम्म्या बिटांत एसबीसीला मागे टाकते. आता गाडीच्या जाहिरातीत 'आमचा आकडा निम्मा' असं छापायची हिंमत कोण करतो, ते बघायचंय.

– कर्णपिशाच्च